संरक्षणमंत्र्याने किती लक्ष घालावं? यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीतलं एक प्रकरण

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच दिवशी. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण शाळेपासून ऐकत आलो, पण सह्याद्री पोचला तेव्हा हिमालयातली लढाई थांबलेली होती. हे सांगितलं की काही जणांना राग येतो. खरं तर यशवंतरावांचं मोठेपण कळायचं असेल तर हीच तारीख आधी नीट लक्षात घ्यायला हवी. त्यांच्या वाट्याला लढाई आली नाही, लढाईनंतरचा पसारा आला. त्या पसाऱ्यातून त्यांनी काय उभं केलं, याची परीक्षा पुढे तीन वर्षांनी, १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी झाली.

हे टिपण मुख्यतः त्या दुपारबद्दल आहे. पण ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधीचं आयुष्य, थोडक्यात

जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे, तेव्हाचा सातारा जिल्हा, आता सांगली. वडील कोर्टात बेलिफ होते आणि लवकर गेले. आई विठाबाईंनी मुलांना वाढवलं. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये असताना झेंडा लावला म्हणून तुरुंग. पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्यात वकिलीचं शिक्षण, १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी लग्न आणि लगेच ऑगस्टपासून भूमिगत. १९४६ मध्ये आमदार, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

यातला द्वैभाषिकाचा काळ आपल्या विषयाला महत्त्वाचा. निम्मं राज्य ज्याच्यावर दात खाऊन आहे असा माणूस त्या राज्याचा कारभार कसा करतो, हे तिथे दिसलं. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने वाटेवर काळ्या निशाणांची निदर्शनं केली. मुख्यमंत्री यशवंतराव होते. निदर्शनं होऊ दिली, कार्यक्रमही पार पडला. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, शेवटी बोलायचं आणि मग निर्णय आपल्या नावावर घ्यायचा, ही सवय दिल्लीला जाण्यापूर्वीच पक्की झालेली होती. लष्कराचा अनुभव म्हणाल तर शून्य. साताऱ्याला १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत, एवढाच काय तो संबंध.

१९६२ ला नेमकं काय मोडलं होतं

पराभव शस्त्रं नव्हती म्हणून झाला, थंडीचे कपडे नव्हते म्हणून झाला, हे खरंच आहे. पण त्याआधी दिल्लीत काहीतरी मोडलं होतं. मंत्री आणि सेनाप्रमुख यांच्यातला विश्वास.

तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून १९५९ च्या ऑगस्टअखेर लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला होता. नेहरूंनी समजूत घालून तो परत घ्यायला लावला आणि नंतर संसदेत थिमय्यांनाच चार शब्द सुनावले. त्यानंतर लष्करात कोण कुणाचा माणूस, हीच चर्चा. बढत्यांवरून गट पडले. सॅम माणेकशॉ यांच्यावर चौकशी बसली ती याच वातावरणात. ब्रिजमोहन कौल यांच्यासारख्या, प्रत्यक्ष लढाईचा फारसा अनुभव नसलेल्या अधिकाऱ्याकडे ईशान्येतली चौथी कोअर, म्हणजे तिथली मोठी फौज, गेली.

एक प्रसंग फार बोलका आहे. २२ सप्टेंबर १९६२. ईशान्य सीमेवरच्या थागला भागातून चिनी सैन्याला हाकलायचं की नाही, यावर बैठक. मेनन न्यूयॉर्कला, नेहरू परदेशात. अध्यक्षस्थानी उपमंत्री रघुरामय्या. लष्करप्रमुख थापर म्हणाले, हुकूम द्यायचा असेल तर लेखी द्या. तो लेखी हुकूम निघाला तो संरक्षण खात्यातल्या एका संयुक्त सचिवाच्या सहीने. देशाला युद्धाकडे नेणारा कागद, आणि त्यावर ना पंतप्रधानांची सही, ना मंत्र्याची. १२ ऑक्टोबरला नेहरूंनी कोलंबोला जाता जाता पत्रकारांना सांगून टाकलं की लष्कराला आपला प्रदेश मोकळा करायला सांगितलं आहे. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या संपूर्ण महिन्यात भारताच्या लढाऊ विमानांनी एकही हल्ला केला नाही. चीन कोलकात्यावर बॉम्ब टाकेल ही भीती होती. वाहतुकीची विमानं रसद टाकत राहिली, लढाऊ विमानं तळांवर उभी राहिली. विमानं वापरायची की नाही यावर हवाई दलाशी धड सल्लामसलतही झाली नाही.

साउथ ब्लॉकमधली (संरक्षण मंत्रालयातली) सकाळची बैठक

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि नेहरूंनी मुंबईला फोन केला. त्या फोनची गोष्ट महाराष्ट्रात अनेक तऱ्हांनी सांगितली जाते. कुणाला सांगू नका असं नेहरू म्हणाले, तेव्हा यशवंतरावांनी फक्त पत्नीशी बोलण्याची मुभा मागितली, असं सांगतात. राज्य मारोतराव कन्नमवारांच्या हाती देऊन ते दिल्लीला गेले. सोबत खासगी सचिव म्हणून राम प्रधान हे सनदी अधिकारी.

दिल्लीत चित्र असं होतं: बोमदिला पडलेलं, तेजपूर रिकामं झालेलं, थापर यांनी पद सोडलेलं आणि त्यांच्या जागी जनरल जयंतनाथ चौधरी नुकतेच आलेले. त्यात नेहरूंनी आर्थिक आणि संरक्षण समन्वय असं एक खातं काढून ते टी. टी. कृष्णमाचारींना दिलेलं. म्हणजे नवा संरक्षणमंत्री येण्याआधीच त्याच्या खात्यात दुसरी खुर्ची मांडलेली. दिल्लीतल्या इंग्रजी वर्तुळाला कऱ्हाडचा हा माणूस टिकेल असं वाटत नव्हतं.

यशवंतरावांनी पहिलं काम केलं ते अगदी साधं. रोज सकाळी तिन्ही सेनाप्रमुख, संरक्षण सचिव आणि मंत्री यांची एकत्र बैठक. एकाच टेबलाभोवती सगळे, एकमेकांसमोर. मेनन यांच्या काळात माहिती बाजूच्या दारांनी यायची. मंत्री कुणाही कनिष्ठ अधिकाऱ्याला थेट बोलवायचे, आणि सेनाप्रमुखाला ते नंतर कळायचं. आता जे बोलायचं ते प्रमुखाने बोलायचं, आणि सगळ्यांदेखत. वाचताना हे किरकोळ वाटतं. ज्यांनी एखाद्या सरकारी कचेरीत वरिष्ठाला डावलून चाललेला कारभार पाहिला आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको.

दुसरी गोष्ट: लढाई कशी करायची हे सेनाप्रमुखांनी ठरवायचं, लढाई करायची की नाही हे सरकारने. या सीमेच्या आत मंत्री बोलणार नाही. बढत्या-नेमणुकांतली ढवळाढवळ थांबली. चौकशीतून सुटलेले माणेकशॉ नोव्हेंबरअखेरच चौथ्या कोअरचे प्रमुख झाले.

तिसरी गोष्ट अवघड होती. पराभवाची चौकशी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे ती दिली गेली, पण चौकशीचे विषय लष्करापुरते: प्रशिक्षण, साहित्य, हुकूम देण्याची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांची कुवत. मंत्रालयात काय चाललं होतं त्याची कागदपत्रं चौकशीपुढे गेली नाहीत. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत निवेदन केलं. अहवाल प्रसिद्ध करणं सुरक्षेच्या आणि सैन्याच्या मनोधैर्याच्या दृष्टीने योग्य नाही, असं सांगून निष्कर्षांचा सारांश दिला. मात्र त्यात एक वाक्य शिताफीने आलं: कितीही मोठं आणि सुसज्ज सैन्य असलं तरी सरकारकडून त्याला स्पष्ट धोरण आणि मुख्य आदेश मिळावे लागतात. नेहरू समोर बसलेले असताना नेहरूंच्या मंत्र्याने यापेक्षा जास्त काय बोलावं? अहवाल मात्र अजून सरकारने खुला केलेला नाही. २०१४ मध्ये त्याचा काही भाग एका विदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तोवर देश सारांशावरच होता. माझ्या मते हा यशवंतरावांचा तेव्हापुरता बरोबर आणि लांबच्या हिशेबात महाग पडलेला निर्णय. सरकारची चूक कुठे झाली हे लेखी न ठरल्यामुळे, 'सेनाप्रमुखांच्या कामात पडू नका' एवढाच धडा सगळ्यांनी घेतला.

बाकी कामं भराभर सांगतो. १९६४ ते ६९ ची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना: सुमारे ५,००० कोटी रुपये, ८ लाख २५ हजारांचं भूदल, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, डोंगरात लढण्यासाठी खास पहाडी डिव्हिजन. शस्त्रांसाठी १९६४ च्या मे महिन्यात अमेरिका. तिथे असतानाच नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. अमेरिकेने एफ-१०४ विमानं दिली नाहीत. मग मॉस्को. मिग-२१ हे लढाऊ विमान भारतात बनवायचं पक्कं झालं, आणि त्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला आला. यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, हे नाशिककर आजही आवर्जून सांगतात.

१ सप्टेंबर १९६५

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून काश्मीरमध्ये सशस्त्र घुसखोर उतरले होते. भारताने त्यांचे मार्ग बंद करायला सुरुवात केली आणि २८ ऑगस्टला हाजी पीर खिंड घेतली. पाकिस्तानचं उत्तर १ सप्टेंबरला जम्मूच्या छांब भागात आलं. पहाटे तोफांचा भडिमार, मागोमाग पॅटन रणगाडे. समोर भारताची एक ब्रिगेड आणि एएमएक्स-१३ या हलक्या रणगाड्यांचा एक स्क्वाड्रन. वाटेतले पूल याहून जड रणगाडे पेलणारे नव्हते. चिनाबवरचा अखनूरचा पूल गेला असता तर राजौरी आणि पूंछकडे जाणारा रस्ता तुटला असता.

ब्रिगेडने सकाळीच विमानांची मदत मागितली होती. ती मागणी वर चढत चढत दिल्लीत मंत्र्यासमोर यायला दुपारचे चार वाजले. चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग दालनात आले. चौधरींचं म्हणणं एवढंच: विमानं उडाली नाहीत तर छांब हाताबाहेर जाईल.

आता मंत्र्याच्या जागी बसून पाहा. विमानं वापरणं म्हणजे काश्मीरची चकमक उघड युद्धात बदलणं. पाकिस्तानकडे अमेरिकन सेबर आणि स्टारफायटर विमानं. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक बोलवायची तर वेळ लागणार, आणि दिवस मावळतीकडे झुकलेला, उजेड थोडाच उरलेला. आज नाही म्हणजे उद्या सकाळी, आणि उद्या सकाळी कदाचित कुणासाठी विमानं पाठवायची हाच प्रश्न उरला असता. शिवाय डोक्यावर १९६२ चं ओझं. तेव्हा लढाऊ विमानं जमिनीवर ठेवण्याचा निर्णय सगळ्यांना चुकीचा वाटू लागला होता, पण म्हणून आता उडवणं आपोआप बरोबर ठरत नव्हतं.

यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली. समितीची वाट पाहिली नाही. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली व्हॅम्पायर विमानं उडाली.

एवढ्या लवकर विमानं उडू शकली याचा अर्थ तळावर तयारी होती आणि होकार येताच तो झेलायला माणसं बसली होती. म्हणजे त्या काही मिनिटांच्या मागे तीन वर्षांच्या सकाळच्या बैठका होत्या. अर्जनसिंग काय बोलतात, कधी अतिशयोक्ती करतात, चौधरींचा सूर कधी खरा आणि कधी दिखाऊ, हे मंत्र्याला माहीत होतं. लेखी हुकूम द्या, असं कुणी म्हणालं नाही. कुणाच्या सहीने, हा प्रश्न आला नाही. २२ सप्टेंबर १९६२ ची बैठक आणि १ सप्टेंबर १९६५ ची दुपार या दोन प्रसंगांत खातं तेच, इमारत तीच.

निकाल मात्र संमिश्र होता, आणि तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. व्हॅम्पायर हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचं डिझाइन. त्या संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली. धुळीत आणि उतरत्या उन्हात आपलीच काही वाहनं आणि रणगाडे आपल्याच विमानांच्या माऱ्यात सापडले. जमिनीवरची तुकडी आणि वरची विमानं यांच्यात बोलण्याची व्यवस्थाच नीट नव्हती. तरीही पाकिस्तानची चाल मंदावली. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानने ऐन हल्ल्यात सेनापती बदलला, अख्तर मलिक यांच्या जागी याह्याखान आले आणि त्यात वेळ गेला. अखनूर वाचलं. त्याचं श्रेय विमानांना किती आणि या बदलाला किती, यावर लष्करी अभ्यासकांचं एकमत नाही. मला दुसऱ्याचं पारडं जड वाटतं. पण परवानगी देणाऱ्याच्या हातात त्या दुपारी हा दुसरा दिवस नव्हता.

औषधाचा दुसरा परिणाम

६ सप्टेंबरला भारताने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. ते पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींचं धाडस. यशवंतराव ठामपणे त्यांच्याबरोबर होते. पुढच्या सतरा दिवसांत या मंत्र्याच्या पद्धतीची दुसरी बाजू दिसली.

युद्धाच्या दिवसांत यशवंतराव डायरी लिहीत होते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कसूर भागात मागे हटावं लागलं त्या दिवशीची नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लष्करप्रमुख काहीसे डळमळीत वाटले, म्हणून त्यांना आघाडीवर जाऊन यायला सुचवलं, असा तिचा आशय. मंत्री सेनाप्रमुखाला सांगतो की दिल्लीत बसू नका, जाऊन प्रत्यक्ष बघून या. हुकूम नाही, जाहीर पाणउतारा नाही, सूचना. आणि ती नेमकी हवी तिथे. याच सुमारास सैन्य बियास नदीच्या मागे घेण्याचा विचार चौधरींनी मांडला आणि पश्चिम कमांडचे हरबक्षसिंग यांनी नकार दिला, अशी हकीकत हरबक्षसिंगांनी सांगितली आहे. त्याच दिवसांत खेमकरणजवळ असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले आणि पारडं फिरलं.

पण इतर ठिकाणी ही सूचना गेली नाही. भूदलाने आपली योजना हवाई दलाला किती सांगितली? फारच थोडी. ६ तारखेला संध्याकाळी पठाणकोटवर सेबर आली आणि जमिनीवर उभी विमानं जळाली, त्यात दोन मिग-२१. नौदलाची गोष्ट त्याहून विचित्र. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. विक्रांत ही विमानवाहू नौका मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला. आणि उरलेल्या नौदलाला संरक्षण मंत्रालयाचाच आदेश की पोरबंदरच्या उत्तरेला जायचं नाही, आपणहून वाढवायचं नाही. नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल सोमण यांनी याला विरोध केला, पण आदेश बदलला नाही. छांबमध्ये काही मिनिटांत जोखीम घेणारं खातं समुद्रावर इतकं जपून का वागलं? एक उत्तर असं की सरकारला पूर्व पाकिस्तान आणि सागर दोन्हीकडे युद्ध पसरू द्यायचं नव्हतं. ते पटण्यासारखं आहे. पण मग नौदलप्रमुखाला ते समोर बसवून पटवायला हवं होतं, आणि सकाळची बैठक त्यासाठीच होती.

सगळ्यात खुपणारी गोष्ट शेवटच्या दिवसांतली. युद्धबंदी स्वीकारावी की अजून काही दिवस लढावं, असं शास्त्रींनी विचारलं. चौधरींनी सांगितलं की आघाडीचा बराचसा दारूगोळा संपला आहे, रणगाड्यांचं नुकसानही मोठं आहे. युद्धानंतर मोजदाद झाली तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच वापरला गेला होता, असं भारताच्या अधिकृत युद्धेतिहासात म्हटलं आहे. २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला तोफा थांबल्या.

दारूगोळा किती उरला, हा काही डावपेचांचा प्रश्न नव्हे. हा कोठाराचा प्रश्न, आणि कोठार मंत्रालयाचं. पुरवठ्याचे आकडे मागवणं म्हणजे सेनाप्रमुखाच्या कामात ढवळाढवळ नव्हती. यशवंतरावांनी मेनन यांच्या चुका टाळण्यासाठी जी रेघ आखली होती, ती इथे जरा जास्तच अलीकडे पडली होती असं माझं मत आहे. मुंबईत नागरी पुरवठा खातं सांभाळलेला हा माणूस. धान्याच्या गोदामाचा हिशेब त्याने कुणाच्या तोंडी सांगण्यावर कधी सोडला नसता.

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी ज्या सैन्याचा कणा मोडला होता, त्याचा प्रमुख भर युद्धात सांगतोय की दारूगोळा संपत आलाय, आणि मंत्री म्हणतोय की आकडे दाखवा. हे बाहेर गेलं असतं तर? मंत्री आणि सेनाप्रमुखात पुन्हा बिनसलं, ही बातमी त्या आठवड्यात पाकिस्तानला एखाद्या डिव्हिजनइतकी उपयोगी पडली असती. यशवंतरावांनी एकजूट निवडली. किंमत ताश्कंदला, पाकिस्तानशी करार करताना कळली. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींच्या सोबत तिथे गेलेल्यांत यशवंतराव होते. करारात दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टच्या जागी परतायचं ठरलं, म्हणजे हाजी पीर सोडायचं. १० तारखेला सह्या झाल्या आणि त्याच रात्री शास्त्री गेले.

१९६६ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत गोहत्याबंदीच्या मोर्चात हिंसाचार झाला, गुलझारीलाल नंदा गृहखात्यातून गेले आणि इंदिरा गांधींनी ते यशवंतरावांना दिलं. संरक्षण योजनेची पाच वर्षं तेव्हा जेमतेम निम्मी झाली होती. तिच्यात उभ्या राहिलेल्या पहाडी डिव्हिजनांपैकी अनेक डिसेंबर १९७१ मध्ये डोंगर सोडून पूर्व बंगालच्या नद्या ओलांडत ढाक्याकडे निघाल्या. त्यांचे लष्करप्रमुख माणेकशॉ होते, आणि या वेळी नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका थेट कराचीपर्यंत पाठवल्या गेल्या. यशवंतराव तेव्हा अर्थमंत्री होते. निर्वासितांच्या खर्चासाठी पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागलं, ते त्यांच्याच काळात.